भीमपलासीत दहाची नोट

मे महिन्यात धुळ्याला जाऊ नये. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारीनं सावध केलं नाही. ज्यांना थंड हवा, धबधबे आणि ढगात हात घालून काढलेले फोटो हवे असतील त्यांनी दुसऱ्या कोणाचा ब्लॉग उघडावा. ज्यांना भर दुपारी, पंखा बंद केलेल्या खोलीत, खिडक्या लावून, राग भीमपलासी ऐकायचा असेल त्यांनी मात्र इथं बसावं.

मी बोलते आणि माझी नात सुजाता टाइप करते. मला अक्षर येत नाही. आमच्या घरात आता सगळे शिकलेले आहेत आणि सगळे एकाच वेळी बोलतात. एवढ्या शिकलेल्यांचं ऐकायला घरात कोणीतरी अडाणी लागतं, ते काम माझ्याकडे. सुजाताला एखादं वाक्य आवडलं नाही की तिची बोटं थांबतात. ती म्हणते, "आजी, हे कापू." मी म्हणते, कापायचं नाही. का कापायचं नाही ते पुढे कळेल.

आम्ही पाचोऱ्याला राहतो. सुजातानं जळगावच्या कॉलेजातून गाणं घेऊन बी.ए. केलं आणि आता तिला एम.ए.सुद्धा गाण्यातच करायचं होतं, तेही लांबच्या विद्यापीठात, जिथं होस्टेल आहे, मोठे मोठे गवई शिकवायला येतात आणि जागा मोजक्या असतात. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, वाईट नाही. त्यानं पोरीला पेटी घेऊन दिली, क्लास लावला. पण त्यानं एक सांगून ठेवलं होतं, "एकदा अर्ज कर. नंबर लागला तर मी स्वतः पोचवायला येतो. नाही लागला तर बी.एड., आणि मग त्यावर चर्चा नाही." सुजाता हो म्हणाली. हो म्हणताना तिनं पदराशी खेळायचं ते माझ्या पदराशी खेळली, कारण ती स्वतः ओढणी घेत नाही.

अडचण होती व्हिडिओची. अर्जासोबत गाण्याचा व्हिडिओ पाठवायचा. एक राग, आधी सावकाश मग जलद, सलग. मध्ये कापायचा नाही, जोडायचा नाही. तानपुरा खरा पाहिजे, मोबाइलमधला चालणार नाही. गाणारीचा चेहरा आणि हात पूर्ण वेळ दिसले पाहिजेत. आणि साथीदार सोडून दुसरं कोणी चित्रात येता कामा नये. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.

तानपुरा होता तिच्या वाघ सरांकडे. सर जळगावला शिकवायचे, निवृत्त झाल्यावर धुळ्याला आपल्या घरी गेले. पेटी ते वाजवणार, तबलेवाले त्यांच्या ओळखीचे. म्हणजे धुळ्याला जायचं, राहायचं. सूनबाईंना अंगणवाडीतून सुटी नाही, मुलाला ऑफिसातून नाही. तरुण मुलीसोबत कोणीतरी हवं, असं ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कागदोपत्री मी तिची सोबत. खरं तर ती माझी, कारण रस्ता ओलांडताना हात कोण कोणाचा धरतं ते पाहणाऱ्याला दिसतंच.

मी अट घातली. "येते. पण परतताना सोनगीरला नानाकडे न्यायचं."

नाना माझा धाकटा भाऊ. सगळं गाव त्याला नाना म्हणतं, म्हणून मीही म्हणते. तरुणपणी त्याची गायन पार्टी होती. एप्रिलात जयंती आली की गावोगावचं बोलावणं यायचं. नाना पुढे उभा राहून गायचा, आम्ही मागे कोरसला. पेटी, ढोलक, बेंजो. आणि आमच्याकडची रीत अशी की गाण्यातली एखादी जागा काळजाला लागली, तर ऐकणाऱ्यानं उठून नोट द्यायची. बसून राहिलात तर त्याचा अर्थ आवडलं नाही. नोट पाचाची असो, दहाची असो, उठण्याला किंमत. नानाचा त्यावर स्वतःचा कायदा होता. बक्षीस आलं तर डाव्या हातानं घ्यायचं, कपाळाला लावायचं, पण तोंडातली ओळ थांबवायची नाही. कोणी थांबला तर नाना कार्यक्रमानंतर त्याला जेवताना शेवटच्या पंगतीला बसवायचा. सुजाता लहानपणी नानाच्या पार्टीत दोन-चार जयंत्या गायली आहे. ती कधी शेवटच्या पंगतीला बसली नाही.

निघालो पहाटेच्या गाडीनं जळगावला. पाचोऱ्याहून जळगावला रेल्वेनंच जावं, ऊन चढायच्या आत पोचता येतं आणि खिडकीतून केळीच्या बागा दिसतात. मे महिन्यात खानदेशात हिरवं काही पाहायचं असेल तर तेवढंच. जळगावला कॉलेजातून एका कागदावर सही घ्यायची होती. तिथले क्लार्क मान वर न करता म्हणाले, "उद्या या."

मी म्हटलं, "भाऊ, उद्या आम्ही धुळ्याला. आज इथंच बसतो. तुमचा पंखा छान आहे."

"आजी, इथं असं बसता येत नाही."

"मग सही द्या, उठतो."

सही जेवणाच्या सुटीआधी आली. बाहेर पडल्यावर सुजाता म्हणाली, "आजी, तू फार लाज आणतेस." मी म्हटलं, लाज आणली पण सहीही आणली ना.

बसस्टँडवरून धुळ्याच्या गाड्या सारख्या असतात, तासन्‌तास थांबावं लागत नाही. बायकांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. वाचता न येणाऱ्यांसाठी माझा सल्ला : पाटीकडे पाहूच नका, कंडक्टरच्या ओरडण्याकडे कान ठेवा आणि चढण्याआधी दोघांना विचारा. मी आयुष्यात एकदाही चुकीच्या गाडीत बसले नाही. माझा मुलगा पाट्या वाचून दोनदा बसलाय.

कंडक्टरनं माझं कार्ड हातात घेतलं, फोटो पाहिला, मला पाहिलं. "आजी, हा फोटो तुमचाच का?"

"माझाच. त्या दिवशी कोणी हस म्हणालं नव्हतं."

तो हसला, आणि पारोळ्यापर्यंत आम्हाला सावलीच्या बाजूच्या सीटवर बसायला मिळालं. ही माहिती महत्त्वाची आहे. सकाळी उशिरा जळगावहून धुळ्याला निघालात तर उजव्या बाजूला बसा. डावीकडे बसलेल्यांचा धुळ्यापर्यंत पापड होतो.

रस्ता आता झकास आहे, चौपदरी. पूर्वी एरंडोलपर्यंत जाता जाता पोटातलं पाणीसुद्धा दमायचं. आता बस अशी पळते की खिडकीतला वारा भट्टीतून आणल्यासारखा तोंडावर येतो. सुजाता एक शब्द बोलत नव्हती. तिनं गळ्याला रुमाल गुंडाळला होता आणि थर्मासमधून कोमट पाणी पीत होती. आवाज जपायचा म्हणे. एरंडोलला गाडी थांबली, खाली बर्फगोळ्याची गाडी, काला खट्टा, गुलाब, कैरी. सगळी बस खाली उतरली. ही खिडकीतून त्या गाडीकडे असं पाहत होती की मला वाईट वाटलं. तिच्या वाटचा गोळाही मीच खाल्ला, वाया जायला नको म्हणून. तिचं बोट इथं थांबलंय. टाइप कर, सुजे.

धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. ज्यानं हे केलं त्याला माझ्यासारख्यांची काळजी असणार. नाव विसरलं तरी आकडा लक्षात राहतो, आणि आकडे मला बोटांवर येतात. वाघ सरांचं घर अशाच एका गल्लीत, पांझरेच्या पुलाकडे जाताना. नदीत पाणी नव्हतं, पोरं क्रिकेट खेळत होती. सरांच्या मिसेस, त्यांना सगळे माई म्हणतात, दारातच उभ्या. पाण्याआधी त्यांनी मला पंख्याखाली बसवलं, यावरून बाई चांगली आहे हे मला तेव्हाच कळलं.

सर बोलतात कमी, खाकरतात जास्त. त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुलांना खाकरण्यावरून कळतं की स्वर चढलाय की उतरलाय. संध्याकाळी सुजाता थोडं गायली. सर एकदा खाकरले, तिनं तीच जागा पुन्हा घेतली. दुसऱ्यांदा खाकरले, पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा मला वाटलं त्यांना खरंच खोकला झालाय, मी पाणी नेऊन दिलं. माई तोंडाला पदर लावून आत गेल्या.

राग कोणता, मी विचारलं. सुजाता म्हणाली, भीमपलासी. मी म्हटलं, मग निवड चांगली आहे, नावातच भीम आहे. सर पहिल्यांदा हसले.

जेवणाचं सांगते. धुळ्याला आलात आणि शेवभाजी न खाता गेलात तर आलातच कशाला? रस्सा काळपट, वर तेलाचा लाल तवंग, जाड शेव वाढायच्या क्षणी घालायची, आधी घातली की तिचा लगदा होतो. सरांच्या गल्लीच्या तोंडावरच एक साधी खानावळ आहे. तिथून डब्यात आणवली, आम्हा तिघांना पुरून उरली, आणि बिल देताना माईंनी मला पिशवीला हातही लावू दिला नाही. सुजातानं मात्र मऊ खिचडी आणि तूप खाल्लं. तिखट चालत नाही. मी म्हटलं, गाणं शिकणं म्हणजे आजारी नसताना आजाऱ्यासारखं जेवणं दिसतंय.

दुसरा दिवस. भीमपलासी दुपारनंतरचा राग, म्हणून रेकॉर्डिंग दुपारी. तबलेवाले युसूफभाई आले. त्यांचं रजया भरायचं दुकान आहे, उन्हाळ्यात कोण रजई भरतं, म्हणून ते हल्ली पूर्ण वेळ कलाकार असतात, असं तेच म्हणाले. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून स्टुलावर ठेवला. माई तानपुऱ्याला, सर पेटीला. मग सर म्हणाले, "कूलर बंद."

कूलर बंद झाला.

"पंखा."

सगळ्यांनी एकदा छताकडे पाहिलं, निरोप घेतल्यासारखं. पंखाही बंद झाला. खिडक्या लावल्या. युसूफभाई म्हणाले, "सर, माझ्या दुकानातल्या रजया आणू का? एवढीच कमी राहिलीये."

सुरू केलं तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी. माई वर जाऊन सांगून आल्या. पुन्हा सुरू केलं, कुल्फीवाल्याची घंटा. मी बाहेर गेले आणि त्याला म्हटलं, "बाबा, पलीकडच्या गल्लीत विक, इथं परीक्षा चाललीये." तो म्हणाला, "कसली परीक्षा?" मी म्हटलं, "गाण्याची." तो म्हणाला, "मग ऐकू द्या की." मोठ्या मुश्किलीनं गेला. मी आत येऊन भिंतीशी बसले, दार लावून घेतलं.

मग ती गायली.

मला रागातलं काही कळत नाही, जे कळलं ते सांगते. सोनगीरला तांब्याचा हंडा करणारे कारागीर हंडा मांडीशी धरून फिरवत असतात आणि छोट्या हातोडीनं त्यावर ठोके देतात. एक ठोका, थोडं फिरवलं, दुसरा ठोका. घाई नसते. आणि बघता बघता पत्र्याला पोट येतं, गळा येतो. ती तशी गात होती. एकेक स्वर ठेवायची, फिरवून पाहायची, पुढचा ठेवायची. ऊन, घाम, कुकर, सगळं विसरायला झालं. हिला मी न्हाऊ घातलंय, हिच्या डोक्यातल्या उवा काढल्यात, आणि ही कोण बसलीये माझ्यासमोर, असं वाटत होतं. मग लय वाढली. युसूफभाई मान हलवू लागले. ती खालून वर गेली, वर क्षणभर थांबली, आणि तिथून अशी उतरली, अशी उतरली, की माझा हात कमरेच्या पिशवीत गेला.

माझे गुडघे एरवी भिंत धरल्याशिवाय उठत नाहीत. त्या दिवशी कसे उठले ते त्यांनाच माहीत. दहाची नोट निघाली. मी खोली ओलांडली, नोट तिच्या डोक्यावरून ओवाळली आणि पुढे धरली. तिनं डोळे अर्धेच उघडले. डावा हात आला, नोट घेतली, कपाळाला लावली, मांडीशी ठेवली. तोंडातली तान चालूच, आणि ती बरोब्बर युसूफभाईंच्या ठोक्यावर येऊन उतरली. मी समाधानानं वळले. समोर पिठाचा डबा आणि मोबाइल. आमच्याकडे बक्षीस देऊन झालं की पब्लिककडे पाहून जय भीम करतात. मी पिठाच्या डब्याला जय भीम केला आणि जागेवर जाऊन बसले.

गाणं संपलं. तानपुरा तेवढा वाजत होता, कारण माई थांबायचं विसरल्या होत्या.

सर म्हणाले, "आजी."

मी म्हटलं, "सर, काय गायली हो!"

"आजी, तुम्ही चित्रात आलात."

"मग? मी नीट नेसूनच आलेय."

तेव्हा युसूफभाईंना राहवलं नाही, ते तबल्यावर डोकं ठेवून हसायला लागले. सर हसले नाहीत. त्यांनी मला तो नियम समजावून सांगितला, हळू आवाजात, न रागावता, आणि तेच जास्त लागलं. मी सुजाताकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती, खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. वर पाहिलं तर हसत होती. मग हसता हसता थोडी रडलीही.

"परत करू," सर म्हणाले.

मला स्वयंपाकघरात बसवलं. दाराला बाहेरून कडी नाही लावली, एवढाच मान. परत केलं. सगळं नियमात. पण तिचा आवाज थकला होता, हवा संपली होती, आणि मला दाराआडून ऐकू येत होतं की ती आता चुकू नये म्हणून गातेय. वर्गात हजेरी दिल्यासारखं. संपल्यावर सर म्हणाले, "हा पाठव. यात कोणाला खोट काढता येणार नाही." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पहिला फार चांगला होता." ते न बोलते तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी शेवभाजी पुन्हा आली आणि मी नुसती खिचडी खाल्ली. एकच अर्ज, पोरीचा एकच अर्ज, आणि मी त्यात दहा रुपये घेऊन शिरले. सुजाता माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, तिखट खा. तुला उद्या गायचं नाहीये." तरी घास जाईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोनगीर. धुळ्याहून आग्रा रोडनं शिरपूरकडे जाणारी कुठलीही गाडी चालते, तासाभराच्या आत पोचता. किल्ला रस्त्यावरूनच दिसतो. चढायला अवघड नाही, पण सकाळीच चढा, पाणी घेऊन चढा, आणि माझ्या वयाच्या असाल तर खालून पाहा, खालूनही चांगलाच दिसतो. गावात शिरलं की ठोक्यांचा आवाज येतो, तांब्या-पितळेची भांडी अजून हातानं घडवतात. मी एक छोटा तांब्या घेतला. भाव केला, पण थोडाच. कालपासून माझा तोरा उतरला होता.

नाना ओट्यावरच होता. "ये व माय, मनी अक्का उनी!" असं ओरडून त्यानं अर्धी गल्ली गोळा केली. मग माझा चेहरा पाहिला. "काय व्हयनं व अक्का? तोंड कसाले उतरेल शे?"

सुजातानं सगळं सांगितलं आणि दोन्ही व्हिडिओ दाखवले. आधी नियमातला. नाना डोळे मिटून ऐकत राहिला, मान हलवली, चांगलं शे म्हणाला. मग तो पहिला. मी उठून आत जायला निघाले, त्यानं हात धरून बसवलं. मी चित्रात शिरले त्या जागी तो ताठ झाला. मी डब्याला जय भीम केला तिथं त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हसून हसून.

"अक्का! दहा रुपया? अशी तान, आनि दहा? तुना हात कव्हय मोकया व्हई व?"

मी म्हटलं, "हात मोकळाच आहे, पिशवीत तेवढीच सुटी होती."

मग त्यानं डोळे पुसले. सुजाताला म्हणाला, "परत लाव. तेवढंच." तिनं लावलं. नोट, डावा हात, कपाळ, मांडी, ठोका. नानानं ते पुन्हा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. म्हणाला, "सूर सोडा नही तू." एवढंच. मग मोबाइल तिच्या हातात देत, "दुसरामा गाणं शे, पोरी. पहिलामा तू शेस."

जेवायला त्याच्या सुनेनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि डाळ-गंडोरी केली होती, वर कच्चा कांदा. त्या दिवशी माझ्या घशाखाली पहिल्यांदा अन्न नीट उतरलं. सुजाता जेवण अर्धवट टाकून गच्चीवर गेली, तिथं मोबाइलला रेंज येते. अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. बराच वेळ आली नाही. मी दोनदा जिन्याच्या तोंडाशी जाऊन आले, नाना म्हणाला, "बस व, आते ती मोठी व्हयनी."

ती खाली आली, ताटावर बसली आणि भाकरी मोडत म्हणाली, "पाठवला."

"चांगलं केलंस. दुसरा नियमात होता."

"पहिला पाठवला."

माझ्या हातातला कांदा खाली पडला. "अगं, आणि सर?"

"सरांना फोन करून विचारलं. ते खाकरले."

"म्हणजे?"

"मी हो समजले."

"आणि नाकारला तर?"

"तर बी.एड.," ती म्हणाली, "आणि मग रोज संध्याकाळी तुला बोल लावायला मी घरीच असेन." असं म्हणून तिनं लोणचं मागितलं. किती दिवसांनी तिखट खाल्लं तिनं. खाताना दर घासाला ती रेंज नसलेला मोबाइल उचलून बघत होती, तेही मी पाहिलं. ती आता हे टाइप करायला तयार नाही, पण मी पाहिलं.

परतीला एक सांगून ठेवते. धुळ्याहून चाळीसगावला रेल्वेनं यावं. छोटी गाडी आहे, मधली स्टेशनं पाहत निवांत येते, आणि चाळीसगावहून पाचोऱ्याला गाड्या खूप. गाडीत एक बाई बोरकूट विकत होती, एक कैऱ्या. सुजातानं दोन्ही घेतलं. तिचा गळ्याचा रुमाल आता माझ्या डोक्यावर होता.

घरी आल्यावर मी मुलाला काही सांगितलं नाही. सुजातानंही नाही. मी गाडीचा आवाज आला तरी दचकायची, जसं काही विद्यापीठातून कोणी मला पकडायला येणार होतं. काही दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं, कॉम्प्युटरवरची. घरातले सगळे खूश, मी सोडून. मुलाखतीच्या वेळी मला मागच्या खोलीत बसायला सांगितलं होतं आणि मी बसलेही, पण दार माझ्या बाजूनं थोडं उघडं होतं. पंखा सुरू होता, हे केवढं सुख.

एक बाई विचारत होत्या, "तुमच्या व्हिडिओत मध्येच एक जण येऊन गेल्या. त्या कोण?"

"माझी आजी," सुजाता म्हणाली.

एका पुरुषाचा आवाज आला, जरा कडक. "नियम वाचले नव्हते का?"

"वाचले होते सर. नियमातला दुसरा व्हिडिओही आहे, म्हणाल तर आत्ता पाठवते. पण आमच्याकडे आवडलं की उठून बक्षीस देतात, आणि बक्षीस घेताना गायकानं थांबायचं नसतं. मी गाणं तसंच शिकलेय. म्हणून पहिला पाठवला."

मी दाराची कडी घट्ट धरून उभी होते. मग त्या बाई म्हणाल्या, "आता इथं काहीतरी गा. साथ नाही तरी चालेल." ती गायली. मी दोन्ही हात काखेत घालून उभी राहिले. नोट पिशवीत होती, पण मी हलले नाही. हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम.

यादी लागली ती सुनेनं आधी पाहिली आणि किंचाळली. मला वाटलं साप निघाला. नाव होतं. खालच्या बाजूला होतं, पण होतं. माझा मुलगा ते बराच वेळ पाहत राहिला, मग चप्पल घालून बाहेर गेला आणि सगळ्यांसाठी बर्फगोळे घेऊन आला. सुजाताला काला खट्टा. एरंडोलचं मी काही बोलले नाही, तिनंही नाही, पण तिनं तो माझ्याकडे बघत बघत, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत खाल्ला. बापाला तिनं व्हिडिओ त्याच दिवशी दाखवला. त्यानं आधी कपाळावर हात मारून घेतला आणि मग त्यानं तो सगळ्या ऑफिसला पाठवला. आता बँकेत गेले तरी लोक मला जय भीम करतात आणि हसतात.

सरांनाही फोन लावला. ते खाकरले. या खेपेला मलाही कळलं.

ती पुढच्या महिन्यात जाते. बॅग अर्धी भरून ठेवलीये, सोनगीरचा तांब्या मी त्यात घातलाय, तिथं कोमट पाणी प्यायला. ती दहाची नोट मी परत मागितली, तर म्हणते, "ती होस्टेलला येतेय." कोणाला अशा प्रवासाला जायचं असेल, पोरीचा अर्ज भरायला, पोराच्या परीक्षेला, तर जा. गुडघ्यांचं कारण सांगू नका. नियम मात्र आधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला कोणाला तरी पकडा.

काल संध्याकाळी ती घरातच गात बसली. तोच भीमपलासी. सगळे जेवणाच्या गडबडीत, ऐकायला मी एकटी, खाटेवर. मी आता शहाणी झालेय, म्हणून दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. ती वर गेली, थांबली, उतरली. मी हलले नाही. पुन्हा गेली, उतरली. मी हलले नाही. तेव्हा तिनं गाता गाताच डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि डावा हात पुढे धरला.

मला खाटेवरून उठायला वेळ लागतो. आधी एक पाय, मग खाटेची कड, मग दुसरा पाय, मग पिशवीची नाडी, तिचीही गाठ बसलेली. तेवढा वेळ ती तीच ओळ फिरवत राहिली, तांब्याच्या हंड्यासारखी, हात तसाच पुढे. मी पोचेपर्यंत तिनं सूर सोडला नाही.